मिग-२१चं किट, पण विमान आपलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ भारतीय वायुसेनेतून निवृत्त झालं. तेव्हापासून आर्वी, मेहकर, वरूड, आरमोरी, पुसद अशा गावांहून मला एकाच अर्थाचे निरोप येत आहेत : प्लास्टिकच्या मॉडेल किटच्या खोक्यात परदेशी वायुसेनेचं मिग निघालं, मला आपलं बनवायचं आहे, काय काय बदलावं लागेल? प्रत्येकाला वेगळं लिहिताना तेच ते पुन्हा लिहिलं जातं, म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. मी दारव्हा तालुक्यात शेती करतो आणि घराच्या ओसरीत टेबल टाकून हे काम करतो. त्यामुळं खाली सांगितलेलं बरंचसं सामान तालुक्याच्या बाजारात मिळणारं आहे.

१. रूपांतर म्हणजे नेमकं काय? नुसते डिकल (विमानावरची चिन्हं आणि आकडे, पाण्यात सोडून चिकटवायचे) बदलले तर होत नाही का?

कधी कधी होतं. किटमधलं विमान आणि तुम्हाला हवं असलेलं विमान एकाच प्रकारचं असेल, तर रंग आणि डिकल बदलले की काम झालं. प्रकार वेगळा असेल तर विमानाचा आकारच वेगळा असतो. पाठ, काच, शेपूट, तोफ, पंखाखालचे पायलॉन (शस्त्रं, टाक्या टांगायचे आधार), काहीही बदललेलं असू शकतं. तो आकार प्लास्टिकमध्ये बदलणं म्हणजे रूपांतर. रेझिनचा तयार सेट लावून करा की घरच्या घरी कापून-चिकटवून करा, दोन्ही रूपांतरच.

२. आपल्याकडं मिग-२१चे कोणते प्रकार होते? ओळखायचे कसे?

हा पाया आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वायुसेनेत पहिली मिग-२१ आली १९६३मध्ये, २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये. पुढं एफएल (आपल्याकडचं नाव टाइप ७७), एम (टाइप ९६) आणि बिस (टाइप ७५) ही विमानं हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात तयार झाली. बिसचीच सुधारित आवृत्ती म्हणजे बायसन.

ओळखायला आधी काच बघा. एफएलची पुढची काच आणि वरचं झाकण मिळून एकच तुकडा असतो आणि तो पुढच्या बाजूला उचलला जातो. याला कारण आहे. त्या पिढीच्या एसके खुर्चीत वैमानिक बाहेर फेकला जाताना ही काचच ढालीसारखी त्याच्यासोबत जायची. एम आणि बिसमध्ये केएम-१ खुर्ची आली, ढालीची गरज उरली नाही. मग पुढची काच तीन भागांची, चौकटीची आणि कायम बसवलेली झाली, आणि मागचं झाकण उजव्या कुशीला उघडायला लागलं. बायसनमध्ये पुढची काच पुन्हा बदलली : मधल्या चौकटी गेल्या, एकच गोलसर तुकडा आला.

नंतर पाठ बघा. कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत जो कणा जातो तो एफएलमध्ये बारीक, एममध्ये जाड आणि बिसमध्ये त्याहून रुंद व फुगीर. मग पोट बघा. एफएलच्या अंगात तोफ नाही, गरज पडली तर पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड लटकवायचे. एम आणि बिसच्या पोटात २३ मिलिमीटरची दुनळी तोफ अर्धी बाहेर दिसते. शेवटी पंखाखालचे पायलॉन मोजा : एफएलला दोन, एम आणि बिसला चार. नाकावरची लांब पिटो नळी (वेग मोजायला हवा घेणारी) एफएलमध्ये वर मधोमध, एम आणि बिसमध्ये उजवीकडं सरकलेली.

काच, पाठ, पोट, पायलॉन, नळी. या क्रमानं फोटो बघायची सवय लागली की पाच सेकंदांत प्रकार कळतो.

३. माझ्याकडं एमएफचं किट आहे. त्यातून कोणतं विमान काढू?

एम काढा. एम आणि एमएफ यांच्यातला मोठा फरक इंजिनाचा आहे आणि ते आत असतं. बाहेरून दोघं जवळजवळ सारखीच. आरशाचा उंचवटा, अँटेना अशा बारीक गोष्टी फोटो बघून काढा किंवा लावा, बस्स. पहिल्या रूपांतरासाठी मी सगळ्यांना हेच सुचवतो.

एमएफमधून बिस करता येतं, पण पाठ नवी करावी लागते (प्रश्न ७). एमएफमधून एफएल मात्र करू नका. मी केलं होतं. पाठ घासत घासत आठ दिवस गेले आणि नवव्या दिवशी कॉकपिटच्या मागं प्लास्टिक इतकं पातळ झालं की बोटानं दाबताच आत गेलं. पाठ, काच, खुर्ची, पोट, पायलॉन, नळी, सगळंच बदलायचं असेल तर ते किट त्या विमानाचं नव्हेच, एवढं तेव्हा कळलं.

४. भाऊ, बिसचं किट हाय. बायसन कराले काय काय कापा लागन?

अंगाला फारसं कापावं लागत नाही, कारण बायसन हे बिसच्याच सांगाड्यावर झालेलं काम आहे. पाठ, पंख, शेपूट तीच. खरी मेहनत पुढच्या काचेची, ती प्रश्न ८मध्ये आहे. कॉकपिटमध्ये घड्याळांच्या गर्दीतून जागा काढून एक रंगीत स्क्रीन आणि वैमानिकासमोर हेड-अप डिस्प्लेची काच बसवायची. १/७२मध्ये (म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मापात) हे पातळ प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत भागतं.

मग शस्त्रं. बायसन आर-७३ आणि आर-७७ ही क्षेपणास्त्रं वापरायचं. आर-७७च्या शेपटीचे पंख जाळीचे असतात आणि साध्या किटमध्ये ते भरीव ठोकळे करून दिलेले असतात. १/४८मध्ये मी फवारणी पंपाच्या नोझलमधली बारीक स्टीलची जाळी कापून लावली, छान दिसते. जाळी दुकानातून कोरी आणायची. वापरलेल्या पंपाची जाळी धुऊनसुद्धा घेऊ नका, औषधाचा अंश राहतो आणि आपण ती तोंडाजवळ धरून काम करतो.

५. १९७१च्या लढाईतलं मिग बनवायचं आहे. कोणतं किट घेऊ?

ते विमान एफएल. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं टाकणारी मिगं एफएलच होती. पीएफ किंवा पीएफएम (एफएलच्या जवळचे सोव्हिएत प्रकार) यांचं किट घ्या, कारण बारीक पाठ त्यांच्यातच मिळते. पीएफमध्ये एकसंध काच मिळते, पण शेपटीची रुंदी तपासून घ्या : सुरुवातीच्या पीएफची शेपूट अरुंद, एफएलची रुंद. अरुंद असेल तर पुढच्या कडेला प्लास्टिक शीटची पट्टी जोडून वाढवायची. पीएफएममध्ये रुंद शेपूट आयती मिळते, पण काच आणि खुर्ची बदलावी लागते. माझा कल पीएफकडं आहे. सपाट शेपूट वाढवणं हे गोल काच बनवण्यापेक्षा केव्हाही सोपं.

रंगाची गंमत म्हणजे, त्या वेळची बरीच विमानं मुळात उघड्या धातूची, चकचकीत होती, आणि लढाईच्या तोंडावर त्यांच्यावर घाईघाईनं हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले. त्यामुळं दोन विमानांचे पट्टे एकसारखे नसतात. एका विमानाचा फोटो धरा आणि त्यालाच चिकटून राहा.

६. ड्रॉइंग मिळालं, पण ते १/४८चं आणि किट १/७२चं. मापं कशी काढू?

झेरॉक्सच्या दुकानात ६७ टक्क्यांवर काढा. उलट असेल तर १५० टक्के. मग पट्टीनं पंख मोजा. मिग-२१च्या पंखांचा एकूण पसारा ७.१५ मीटर, सगळ्या प्रकारांत सारखाच. म्हणजे १/७२मध्ये तो ९९.३ मिलिमीटर आला पाहिजे आणि १/४८मध्ये १४९. आडवं माप बरोबर आलं तरी त्याच कागदावर उभं मापही तपासा. जुनी झेरॉक्स मशीन कागद ओढताना एका दिशेनं किंचित ताणते, आणि अर्धा मिलिमीटर फरक पाठीच्या उंचीत लगेच डोळ्यांत येतो.

माप बरोबर आल्यावर त्याच्या तीन प्रती काढा. एक कापायची, एक किटवर ठेवून बघायची, एक वहीत जपायची.

७. पाठ नवी कशी बनवायची? आकार दोन्ही बाजूंनी सारखा येतच नाही.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा आहे, आणि पुष्कळ किटं इथंच अर्धवट पडतात.

आधी ड्रॉइंगमधून पाठीची बाजूनं दिसणारी रेषा जाड प्लास्टिक शीटवर उतरवून कापायची आणि ती विमानाच्या मधल्या सांध्यावर उभी चिकटवायची. ही झाली उंची. ती शीट कठीण असते आणि पुट्टी मऊ, त्यामुळं घासताना उंची आपोआप राखली जाते. मग दोन्ही बाजूंना एम-सील भरायचं. त्याआधी किटचं प्लास्टिक ब्लेडनं खरवडून घ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर एम-सील नीट धरत नाही. ओल्या बोटानं आकार द्या, एक रात्र जाऊ द्या.

आता सारखेपणा. जुन्या लग्नपत्रिकेचं जाड कार्ड घ्या. ड्रॉइंगमध्ये पाठीचे जे आडवे छेद दिलेले असतात, त्यांतल्या चार-पाच छेदांची फक्त अर्धी बाजू कार्डावर कापा. हाच आपला गेज. डाव्या बाजूला लावून बघायचा, मग उलटा करून उजव्या बाजूला. एकच कार्ड दोन्हीकडं बसलं म्हणजे पाठ सारखी. प्रत्येक छेदाची जागा विमानावर पेन्सिलीनं मारून ठेवा, नाहीतर गेज पुढं-मागं सरकतो.

घासताना पाठीवर मऊ पेन्सिलीनं पूर्ण काळं करून घ्या. जिथं काळं राहिलं तिथं खड्डा, जिथं लवकर गेलं तिथं उंचवटा. आणि संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करून टॉर्च विमानाच्या नाकाकडून आडवा धरा. दिवसा जे दिसत नाही ते त्या तिरप्या उजेडात सावली टाकतं.

८. बायसनची काच घरी बनवता येते का?

येते, आणि मनासारखी जमेपर्यंत आठ-दहा तुकडे वाया जातात, तेवढी तयारी ठेवा.

आधी साचा. तो किटच्या प्लास्टिकचा नको, उष्णतेनं वितळतो. शिवणीच्या लाकडाचा तुकडा किंवा एम-सीलचा गोळा चालतो. काचेला जाडी असते, म्हणून साचा हव्या त्या मापापेक्षा किंचित लहान करा आणि आरशासारखा घासा, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेत उतरतो. साचा खालून काडीवर पक्का बसवा.

मिठाईच्या पारदर्शक डब्याचं झाकण घ्या. खाली त्रिकोणात १ लिहिलं असेल तर ते पीईटी, आपल्याला तेच हवं. लाकडाच्या दोन चौकटींत ते ताणून पकडा आणि गॅसच्या मंद आचेवर, ज्योतीपासून वीतभर वर, फिरवत राहा. आधी ते लाटेसारखं हलतं, मग एकदम ताणून सपाट होतं आणि मधोमध किंचित झोळ येतो. तोच क्षण. आच सोडा आणि चौकट साच्यावर सरळ खाली दाबा. एक श्वास जास्त थांबलात तर पीईटी दुधासारखं पांढरं पडतं आणि मग काही केल्या पारदर्शक होत नाही. माझे पहिले सहा तुकडे असेच पांढरे झाले.

कापताना कात्री नको, नव्या ब्लेडनं हळूहळू रेघ ओढत कापा. चिकटवायला फेविक्विक वापरू नका, तिची वाफ काचेवर पांढरा थर आणते. फेविकॉल पुरेसा आहे.

९. प्लास्टिक शीट आणि पुट्टी गावात कुठून आणायची?

नंबरप्लेट आणि बोर्ड बनवणाऱ्याकडं एचआयपीएस (पॉलिस्टायरीनच्या) शीटचे तुकडे पडलेले असतात. डिस्पोजेबल कपाच्या बुडाला ६ आकडा असेल तर तेही पॉलिस्टायरीन. ५ असेल तर ते चालत नाही, मॉडेलची सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव) त्याला धरत नाही. खात्री नसेल तर एक थेंब सिमेंट टाकून बघा, चिकट झालं तर आपल्या कामाचं.

पुट्टी गाड्यांच्या गॅरेजवाल्याकडची चालते, पण ती सुकताना आक्रसते, म्हणून पातळ थर आणि मध्ये एक दिवस. बारीक फटींना किटच्याच स्प्रूचे (सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे पातळ सिमेंटमध्ये विरघळवून केलेला लगदा सगळ्यांत उत्तम, कारण सुकल्यावर तो किटचंच प्लास्टिक असतो. फेविक्विक आणि खाण्याचा सोडा हेही भरणं आहे, पण लगेच घासा. दुसऱ्या दिवशी ते दगड होतं आणि आजूबाजूचं मऊ प्लास्टिक आधी झिजतं.

१०. पिटो नळी किटमध्ये जाडजूड आहे आणि तुटतेही. काय करू?

मेडिकलमधून २१ आणि २६ गेजच्या सुया आणा. २६ची सुई बाहेरून ०.४६ मिलिमीटर, आणि ती २१च्या सुईत बरोबर शिरते. पुढं बारीक, मागं जाड अशी खऱ्यासारखी नळी तयार होते. टोकं कानशीनं घासून बोथट करा, घरात लहान मुलं असतात. नाकावरची जागा प्रश्न २मध्ये सांगितली आहे. नळी सगळ्यांत शेवटी, रंग झाल्यावर बसवा.

११. विमान शेपटीवर बसतं. नाकात काय भरू?

टायर बॅलन्सिंगचं शिसं, पंक्चरच्या दुकानात मिळतं. ते फेविकॉलनं कधीही चिकटवू नका. बंद जागेत शिसं आणि पांढरा डिंक यांची हळूहळू प्रक्रिया होते, शिशावर पांढरी भुकटी चढते, ते फुगतं, आणि काही वर्षांनी विमानाचं नाक सांध्यावर उलतं. अरल्डाइट वापरा. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

१२. मे महिन्यात आमच्याकडं ४५ अंश असतं. काम बंद ठेवू का?

बंद नको, वेळ बदला. पहाटे सहा ते नऊ. दुपारी ॲक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो आणि एअरब्रशमधून (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनमधून) निघालेला थेंब विमानावर पोचेपर्यंत कोरडा होऊन खरखरीत बसतो. रंगात रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) घाला. टिनाच्या छताखाली वरच्या फळीवर आणि उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किट ठेवू नका, पातळ पंख वाकतात. रेझिनचा भाग वाकला तर गरम पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा, लगेच थंड पाण्यात टाका.

जुलै-ऑगस्टची अडचण उलटी. दमट हवेत लॅकर मारलं की त्यावर दुधी झाक येते. उघाडीची वाट बघा.

१३. कंप्रेसर आहे, पण लाइटचा भरवसा नाही.

ट्रॅक्टरची किंवा ट्रकची जुनी ट्यूब पंक्चरच्या दुकानात भरून आणा आणि व्हॉल्व्हला एअरब्रशची नळी जोडा. आवाज नाही, धक्के नाहीत, हवा सलग मिळते. दाब हळूहळू उतरतो, म्हणून मोठे भाग आधी आणि बारीक काम नंतर. मध्ये पाणी अडवणारी बाटली नक्की बसवा. दुकानातल्या टाकीतलं पाणी हवेसोबत ट्यूबमध्ये येतं आणि नेमकं पंखावर पिचकारी मारतं.

१४. भारतीय डिकल मिळत नाहीत. प्रिंटरवर काढले तर?

निघतात, पण साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. आपल्या चक्राची रचना बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं अशी आहे. पारदर्शक डिकल कागदावर छापलं तर मधलं पांढरं म्हणजे खालचा राखाडी रंग दिसतो आणि केशरीही मळतो. म्हणून विमानावर आधी त्या मापाचं पांढरं वर्तुळ रंगवा आणि त्यावर डिकल बसवा. पाण्यात सोडण्याआधी कागदावर क्लिअर लॅकरचे दोन हलके हात द्या, नाहीतर शाई वाहून जाते. नंबर लिहिताना प्रकार लक्षात ठेवा : सुधारित बायसनच्या आकड्याआधी सीयू ही अक्षरं असतात. एफएलवर सीयू लिहिलेलं मॉडेल मी एका प्रदर्शनात पाहिलं. मॉडेल अतिशय सुबक होतं आणि त्या दोन अक्षरांनी जीव चुटपुटला.

१५. दोन आसनी मिग करायचं असेल तर?

एकआसनी किटमधून करू नका. कॉकपिटपासून नाकापर्यंत सगळं नवं लागतं, दोन वेगळी झाकणं लागतात. ट्रेनरचंच किट शोधा.

१६. हेच नियम जग्वार-मिराजला लागू होतात का?

पद्धत तीच, फरकाच्या जागा वेगळ्या. मिराज-२०००एचसाठी फ्रेंच २०००सीचं किट जवळजवळ तसंच चालतं. जग्वारमध्ये मजा आहे. आपल्या आयएसचं नाक पटाशीसारखं, समुद्रावरच्या आयएमचं नाक रडारमुळं गोल. म्हणजे सगळं रूपांतर नाकाच्या पुढच्या बोटभर भागात. पंखाच्या वर बसणारे क्षेपणास्त्रांचे रूळ विसरू नका, ब्रिटिश जग्वारच्या जुन्या किटमध्ये ते बहुतेक नसतात.

१७. एका किटचं पुढचं अर्ध आणि दुसऱ्याचं मागचं जोडलं तर दोन्ही चांगले भाग मिळतील ना?

दोन कंपन्यांचं १/७२ एकसारखं नसतं. कापण्याआधी दोन्ही धडांचा घेर जिथं जोडणार तिथं दोऱ्यानं मोजा. एक मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर लहान भागाच्या सांध्यात शीटची चकती घालून फुगवता येतो. त्याहून जास्त असेल तर सोडा. जोड नेहमी खऱ्या विमानाच्या पॅनेल रेषेवर (पत्रे जिथं जुळतात त्या रेषेवर) घ्या, म्हणजे राहिलेली बारीक खूण रेषा म्हणून खपते. आणि कापताना करवतीच्या पात्याची जाडी हिशेबात धरा : रेषेच्या टाकाऊ बाजूनं कापा, उरलेलं घासून रेषेवर आणा.

१८. चौकात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या विमानावरून बनवलं तर चालेल ना? ते तर खरंच विमान आहे.

आकारासाठी, पॅनेलच्या रेषांसाठी, चाकांच्या खोबणीसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात एफएल उभं आहे. जमलं तर जा, आणि समोरून एकच फोटो काढून परतू नका. खाली वाकून पोटाचे, चाकांच्या दारांचे, पायलॉनचे फोटो काढा, शेजारी माप कळायला पट्टी किंवा हाताची वीत येऊ द्या.

पण रंग आणि बारीक भाग त्यावरून घेऊ नका. उघड्यावर ठेवलेल्या विमानांना वेळोवेळी नवा रंग दिला जातो, तो हाताशी असेल तो असतो. अँटेना निघालेल्या असतात, खुर्ची काढलेली असते, काच आतून रंगवून टाकलेली असते, कधी दुसऱ्या विमानाचं चाक किंवा टाकी बसवलेली असते. अशा वेळी त्याच नंबराच्या विमानाचा, ते उडत होतं तेव्हाचा फोटो शोधायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. दोन्हींत जे सारखं दिसतं ते बिनधास्त घ्या. जिथं फरक दिसतो तिथं उडणाऱ्या विमानाचा फोटो खरा धरा.